लिम्फोमाग्रस्त बालक आणि व्याधिक्षमत्व

बालकाच्या मानेवर गाठ दिसली की "प्रतिकारशक्ती वाढविणारे काही द्या" अशी मागणी पालक वैद्यांकडे व औषधविक्रेत्यांकडे करतात. ती गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कर्करोगाची असेल, तर ही मागणी कितपत सयुक्तिक ठरते, याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णिलेल्या व्याधीचे उदाहरण घेऊ. या गाठीत रीड-स्टर्नबर्ग या मूळ कर्कपेशी बहुधा शेकडा १ च्या आसपासच असतात. उर्वरित भाग टी व बी लसीकापेशी, इओसिनोफिल, मॅक्रोफेज आदी रक्षकपेशींनी व्यापलेला असतो. याउलट, डेनिस बर्किट यांनी युगांडात पाहून १९५८ मध्ये वर्णिलेल्या बालकांच्या लिम्फोमात बहुतांश पेशी कर्कपेशीच असतात.

हॉजकिन व्याधीत रक्षकपेशी विपुल असूनही निष्प्रभ का ठरतात? कर्कपेशींच्या पृष्ठभागावरील पीडी-एल१ हे प्रथिन टी पेशींवरील पीडी-१ शी संलग्न होते आणि टी पेशींचे कार्य मंदावते. हा पीडी-१ शोधणारे तासुकु होंजो २०१८ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले. तात्पर्य, येथे उणीव संख्येची नसून कार्याची आहे.

चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ सांगितले आहेत : व्याधीच्या बलास विरोध करणे आणि व्याधीची उत्पत्ती रोखणे. व्याधी उत्पन्न होऊन रक्षकपेशींनाच तिने बांधून ठेवल्यावर केवळ बल्य कल्प देऊन ते बंधन सुटेल, असे मानण्यास आधार नाही.

म्हणून व्यवसायबंधूंनी काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. गाठ टणक असून वाढत असेल, चार-सहा आठवड्यांत ओसरत नसेल, गळपट्टीच्या हाडावर असेल, किंवा सोबत ज्वर, रात्रौ घाम व वजनात घट असेल, तर ग्रंथीच्या बायॉप्सीसाठी बालकास त्वरित पाठवावे. प्रत्येक गंडमाळा क्षयाचीच, असे गृहीत धरू नये. निदानापूर्वी स्टिरॉइड देऊ नये. त्याने गाठ तात्पुरती आटते आणि निदान दुरावते. केमोथेरपी चालू असताना श्वेतपेशी घटतात. तेव्हा ज्वर आल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता बालकास तत्काळ रुग्णालयात न्यावे. या काळात कर्करोगतज्ज्ञांना कळविल्याविना कोणतेही रसायन देऊ वा विकू नये.

योग्य उपचार पूर्ण मिळाल्यास हॉजकिन व्याधीची शेकडा ९० हून अधिक बालके वाचू शकतात. गाठ प्रथम आपल्याच दृष्टीस पडत असेल, तर ही संधी वाया न दवडणे हे आपले वैद्यकर्तव्य होय.