लूप नसलेल्या भाषेची कैफियत

जळगाव-धुळ्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांत, विद्यार्थ्यांच्या आणि क्वचित अध्यापकांच्याही तोंडून, एक विधान इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की पुराव्याची जबाबदारी ते खोडून काढणाऱ्यावरच येऊन पडावी: एसक्यूएल ही खरी प्रोग्रामिंग भाषा नव्हे, कारण तिच्यात लूप नाही, पायथनमधल्या साऱ्या सोयी तिच्यात आणल्या म्हणजे ती पूर्णत्वास जाईल.

यातील पहिला भाग शिळा आहे. १९९६ साली प्रमाणित एसक्यूएलला पीएसएम ही पुरवणी जोडली गेली आणि तीत लूप आले. ओरॅकलने पीएल/एसक्यूएलच्या रूपाने ते त्याआधीच दिले होते. खरा गैरसमज दुसऱ्या भागात आहे, तो असा की भाषेची मर्यादा म्हणजे तिचे न्यून.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या सिद्धांताच्या आधारे आयबीएममधील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी भाषा प्रसिद्ध केली, तिचा गाभाच असा की काय हवे ते मागणाऱ्याने सांगावे आणि ते कसे मिळवावे याचा निर्णय यंत्रणेवर सोपवावा. यावल तालुक्यातील दोन हेक्टरांहून अधिक केळी लावणाऱ्या खातेदारांची यादी मागितली, तर आधी तालुका पाहावा की क्षेत्र, कोणता इंडेक्स वापरावा, काम किती प्रोसेसरांत वाटावे, याची मुखत्यारी यंत्रणेतील ऑप्टिमायझरकडे राहते. आणि ती राहते याचे कारण मागणाऱ्याने पायऱ्यांचा क्रम ठरवून दिलेला नसतो. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे फोडून सांगण्याची गरज नसावी: एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे हे बंधन मान्य असते, म्हणूनच पाटकऱ्याला पाण्याच्या पाळ्या लावता येतात, ज्याला त्याला मनास येईल ते पेरण्याची मुभा दिली, तर पाटकरी कितीही हुशार असला तरी त्याने करावे काय?

भाषेत मुभा वाढली की ऑप्टिमायझरचीही या पाटकऱ्यासारखी गत होते, ही भीती निव्वळ तात्त्विक आहे असे म्हणणाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचे दप्तर चाळावे. २००० च्या आवृत्तीत स्वतःची फंक्शने लिहिण्याची सोय आली, लोकांनी ती हौसेने वापरली, आणि ज्या क्वेरीत असे फंक्शन असेल ती रखडू लागली. कारण फंक्शनच्या पोटात काय आहे हे ऑप्टिमायझरला दिसेना, ते प्रत्येक ओळीसाठी नव्याने चालवावे लागे, आणि काम अनेक प्रोसेसरांत वाटण्याची वाटही बंद झाली. अशा फंक्शनांना पुन्हा मूळ भाषेच्या शिस्तीत कसे बसवावे यासंबंधीचा निबंध २०१४ मध्ये पवईच्या आयआयटीतील प्रा. एस. सुदर्शन (यांचे सहलेखन असलेले डेटाबेसचे पाठ्यपुस्तक आपले विद्यार्थी परीक्षेपुरते का होईना उघडतात) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला; त्यांपैकी कार्तिक रामचंद्र यांनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये ‘फ्रॉइड’ या नावाने हेच काम तडीस नेले, आणि २०१९ च्या आवृत्तीत ते दाखल झाले. म्हणजे एका आवृत्तीत दिलेल्या सोयीचा भुर्दंड एकोणीस वर्षे भरावा लागला. आणि ज्याचा एवढा हट्ट, तो लूप फंक्शनात असेल तर २०१९ ची ही सवलतही लागू होत नाही!

याचा अर्थ भाषेने दारे लावून बसावे असा मुळीच नाही. एखादी जमीन कोणाकडून कोणाकडे गेली याची फेरफारांची साखळी, ती किती लांब आहे हे आधी माहीत नसता, शोधणे मूळ संबंधात्मक बीजगणिताला अशक्य आहे, हे आहो आणि उलमन यांनी १९७९ मध्येच सिद्ध केले होते. तेव्हा १९९९ च्या प्रमाणित एसक्यूएलमध्ये पुनरावर्ती क्वेरी आली ती रास्तच होती, कारण ती गरज माहितीच्या दप्तरातूनच उपजलेली होती आणि कसे करावे याचा हुकूम सोडण्याची सवय तिने लावली नाही.

उरलेले गैरसमज थोडक्यात. मर्यादित भाषा नवशिक्यांसाठी असते: लिनक्सच्या गाभ्यात चालणारी ईबीपीएफ ही भाषा २०१९ पर्यंत लूप नाकारत होती, आणि ती वापरणारे नवशिके नव्हेत. ज्याला नको त्याने नवी सोय वापरू नये, मग तक्रार कसली: दुसऱ्याने लिहिलेले दुरुस्त करण्याची पाळी ज्याच्यावर आली नाही तोच असे बोलतो. एक्सेलच्या सूत्रांत पुनरावर्ती फंक्शन लिहिता येत नाही: डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या लॅम्बडापासून येते, जळगावच्या दाणाबाजारातले हिशेबनीस तरीही बेरीज आणि व्हीलुकअप यांवरच भागवतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.