उडीआधी अंगावर वजन बांधताय? फायदा कधी, तोटा कधी, समजून घ्या

भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे शाळेच्या मैदानावर दिसतात. काहीजण पायाला वाळूच्या पिशव्या बांधतात, काहीजण पाठीवर भरलेली बॅग घेऊन उड्या मारतात. वजन सोडलं की अंग हलकं होतं आणि उडी लांब जाते, असा समज आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

राज्य पोलिस भरतीत आता लांब उडी नाही. पण रेल्वे सुरक्षा दलाच्या 2024 च्या कॉन्स्टेबल भरतीत मुलांना 14 फूट लांब आणि 4 फूट उंच, तर मुलींना 9 फूट लांब आणि 3 फूट उंच उडी होती. संधी दोनच. दोन इंचांनी नोकरी हुकू शकते.

अंगात नेमकं काय होतं?
जोराचा व्यायाम केला की स्नायू थोड्या वेळासाठी तरतरीत होतो आणि नंतर जास्त जोरानं आवळतो. पण त्याच व्यायामानं थकवाही येतो. थकवा लवकर उतरतो, तरतरी थोडी मागं टिकते. त्या मधल्या वेळेत उडी मारली तरच फायदा. वजन सोडल्या सोडल्या उडी मारली की थकवा आडवा येतो. अंग हलकं वाटणं वेगळं आणि ताकद वाढणं वेगळं.

वजन किती?
अमेरिकेत हायस्कूलच्या 18 खेळाडू मुलींवर केलेला एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. शरीराच्या 2 टक्के वजनाचं जाकीट घालून पळतं-उडतं वॉर्मअप केल्यावर त्यांची लांब उडी, नुसते उभ्या-बसल्या ताण देऊन मारलेल्या उडीपेक्षा चांगली गेली. 6 टक्के वजनानं तसा ठळक फायदा दिसला नाही. 60 किलोच्या मुलासाठी 2 टक्के म्हणजे जेमतेम सव्वा किलो. जास्त वजन म्हणजे जास्त लांब उडी, असं गणित नाही.

वजन अंगालगत, छाती-पाठीवर घट्ट बसेल असं असावं. घोट्याला बांधलं तर पाय टाकण्याची लय बिघडते, गुडघ्यावरही ताण येतो.

विसावा महत्त्वाचा
हलक्या जाकिटानंतर दोन-चार मिनिटं पुरतात. जड वजनाच्या बैठका मारल्या असतील तर साधारण 5 ते 10 मिनिटं थांबावं लागतं. ज्यांनी वर्ष-दोन वर्षं बैठका मारून पाय कमावलेत, त्यांना जड वजनाचा फायदा जास्त होतो. नवख्या पोराच्या वाट्याला बहुतेक थकवाच येतो.

भरतीच्या दिवशी काय करावं?
तिथं आपला नंबर कधी येईल सांगता येत नाही. वजनाची तरतरी काही मिनिटांचीच असते, रांगेत अर्धा तास गेला की संपली. म्हणून त्या दिवशी वजनाच्या नादी न लागलेलं बरं. हळू पळणं, गुडघे उचलून पळणं, दोन-तीन छोट्या उड्या, एवढं पुरेसं आहे. नंबर जवळ आला की जागेवरच पुन्हा अंग गरम करावं. उडीच्या तोंडावर एकेक मिनिट पाय ताणून धरू नयेत, त्यानं उसळी कमी होते.

जाकीट वापरायचंच असेल तर सरावात वापरावं. एक दिवस घालून, एक दिवस न घालता उडी मारावी आणि दोन्हीची मापं टेपनं मोजून वहीत लिहावीत. तीन-चार आठवड्यांत आपल्याला काय मानवतं ते आपलंच माप सांगेल.