टायर एकाच बाजूने का झिजतो? जुनी पिकअप असलेल्या घरांसाठी थोडी माहिती

फजरच्या आधी मार्केट यार्डाकडे निघणारी पिकअप म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांची रोजीरोटी. फळं, भाजी, कोंबड्या, भंगार, फर्निचर, कापडाचे तागे, जो माल मिळेल तो घेऊन ती धावते. गाडी दहा-बारा वर्षांची झाली की सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे असतं. टायरकडे मात्र पंक्चर झाल्यावरच बघितलं जातं. मग एक दिवस पंक्चरवाला चाक काढतो आणि म्हणतो, "भाईजान, बाहेरून टायर चांगला दिसतोय, पण आतल्या कडेला तारा निघाल्यात."

नवा टायर वर्षभरात असा गेला की आपण टायरच्या कंपनीला दोष देतो आणि दुसरा टायर टाकतो. तोही तसाच झिजतो. कारण बहुतेक वेळा दोष टायरचा नसतोच. टायर फक्त गाडीच्या दुखण्याची खबर देत असतो. ती खबर वाचता आली तर पैसा वाचतो आणि गाडी चालवणारा आपला माणूसही सुखरूप घरी येतो.

झीज कुठे आहे ते आधी बघा

टायरच्या दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला असेल, तर हवा कमी आहे किंवा माल जास्त भरला जातोय. उलट मधलाच पट्टा झिजला असेल, तर हवा जास्त आहे. माल भरायचा म्हणून मागे हवा वाढवायची आणि मग रिकामी गाडी तशीच दिवसभर पळवायची, याने मागच्या टायरचं मधलं रबर जातं.

पुढच्या टायरची फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजत असेल, तर चाक उभं सरळ नाही, कललेलं आहे. जुन्या गाडीत याचं कारण बहुधा झिजलेला बॉल जॉइंट, किंगपिनचा बुश, ढिली बेअरिंग किंवा खड्ड्यात आपटून वाकलेला एखादा भाग असतो.

आता टायरवरून हात आडवा फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत असेल, तर दोन्ही चाकं एकमेकांना समांतर धावत नाहीत. यालाच मेकॅनिक ‘टो’ बिघडला म्हणतात. चाक फक्त अर्धा अंश वाकडं असेल, तरी एका किलोमीटरमागे टायर साधारण ८ ते ९ मीटर आडवा घासला जातो. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीचं काय होत असेल, हिशेब तुम्हीच करा.

टायरवर ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडले असतील, तर शॉकअप गेलेत किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलंय. शॉकअप गेला की चाक रस्त्यावर चिकटून न धावता उड्या मारतं आणि जिथे आपटतं तिथलं रबर खातं.

मागचे टायर वाकडे झिजत असतील, तर पाटे तपासा. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट ढिले झाले की मागचा अॅक्सल जागचा हलतो. अशी गाडी मागून बघितली तर तिरकी चालताना दिसते.

घरच्या घरी तपासणी

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ओंडका लावा. पुढचं चाक जॅकवर उचला. जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही आणि लहान मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही.

चाकाला वर आणि खाली हात लावून हलवा. खटखट वाजलं तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर बेअरिंग ढिली आहे. तरीही राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन बघावा लागेल. मग डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा. तिथे ढिलेपणा जाणवला तर बहुधा टाय रॉडचे एंड झिजलेत.

हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघायच्या आधी तपासा. गाडी धावली की टायर तापतो, हवेचा आकडा वाढतो आणि आपली फसगत होते. योग्य आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, बऱ्याच गाड्यांत दरवाजाजवळच्या स्टिकरवरही असतो. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी आकडे वेगळे दिलेले असतील, तर दोन्ही लिहून डॅशबोर्डला चिकटवून ठेवा.

कामाचा क्रम चुकवू नका

सगळ्यात मोठी चूक इथे होते. टायर झिजला की आपण थेट अलाइनमेंटला जातो. पण जॉइंट आणि बुश ढिले असतील, तर मशीनवर जुळवलेलं माप पहिल्याच खड्ड्यात बिघडतं. पैसे गेले आणि टायरही गेला. म्हणून आधी ढिले भाग बदलायचे, मग पाटे आणि शॉकअप बघायचे, नंतर हवा बरोबर करायची आणि शेवटी अलाइनमेंट व बॅलन्सिंग. नवीन टायर टाकायचे असतील तर अलाइनमेंटच्या आधी टाका.

बऱ्याच जुन्या पिकअपना मालकाने एखादा पाटा जास्त टाकलेला असतो. त्याने गाडी मागून खाली बसत नाही हे खरं, पण टायरची आणि अॅक्सलची वजन पेलायची ताकद तेवढीच राहते. गाडी बसत नाही म्हणून माल वाढत जातो आणि सगळा भार टायर सोसतो.

साधारण ८ ते १० हजार किलोमीटरला टायरांची जागा बदलत राहिलं की झीज सारखी होते. पुढे-मागे नक्षी किंवा साइज वेगळी असेल तर एकाच अॅक्सलवर डावा-उजवा बदल करा. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर तोही करू नका. आणि दोष दुरुस्त न करता नुसती अदलाबदल केली, तर दोनाऐवजी चारही टायर जातात.

टायर कधी काढायचा?

नक्षीच्या खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे नक्षी १.६ मिलिमीटर उरली. मोटार वाहन नियमांप्रमाणे चारचाकीला यापेक्षा कमी चालत नाही. एकच कड इथवर आली असेल तरी टायर संपला समजा, बाकीची नक्षी कितीही छान दिसू दे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. सेकंडहँड टायर घेताना हे आकडे आणि बाजूच्या भेगा आधी बघा. रिमोल्ड केलेला टायर पुढे कधीच टाकू नका. पुढचा टायर फुटला की स्टेअरिंग हातात राहत नाही.

अलाइनमेंटचा खर्च काही शे रुपयांचा, पिकअपच्या दोन टायरचा पाच आकडी. पण खरा हिशेब पैशाचा नाही. आपल्यापैकी कितीजण लग्न-कार्याला याच पिकअपच्या मागे बायका-मुलांना बसवून नेतात? मालाच्या गाडीत माणसं बसवणं मुळात बेकायदा आहे आणि तारा निघालेल्या टायरवर तर ते जिवाशी खेळणं आहे. रात्री घाट उतरताना अशा टायरने दगा दिला, तर ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी उपयोग नाही.

घरात गाडी कुणीही चालवो, अब्बा, भाई नाहीतर मुलगा, येत्या सुट्टीच्या दिवशी चारही टायरांच्या आतल्या कडेवरून एकदा हात फिरवा. बाहेरची बाजू सगळ्यांनाच दिसते. धोका आतल्या बाजूला असतो. आणि हो, स्टेपनीची हवाही त्याच दिवशी बघून घ्या.