हद्द गावाची, मोजणी संगणकाची

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. देशात ही दोन गावं पहिली. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारएक हेक्टर मिळालं. एकट्या गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. अशा हक्काच्या प्रत्येक दाव्यामागे एक नकाशा असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी तो काढण्याचं काम गावातल्याच वनहक्क समितीवर सोपवलं आहे.

हा नकाशा आधी हाताने निघतो. गावातली जाणती माणसं बसतात आणि कागदावर नाला वाहू लागतो, बोडी (छोटं तळं) येते, मोहाची झाडं, बांबूची रांजी, देवाची जागा, गुरांची वाट येते. कुठल्या पहाडीपासून शेजारच्या गावाची शीव लागते, यावर वाद होतो आणि मिटतोही. या कागदाला प्रमाण नसतं. रोजच्या वापरातली बोडी मोठी होते, वर्षातून एकदाच गाठायची टेकडी कोपऱ्यात जाते. अंतर मीटरमध्ये नव्हे, जाण्या-येण्यात मोजलेलं असतं.

दावा तपासणाऱ्या उपविभागीय समितीसमोर मात्र वनविभागाचे कक्ष क्रमांक आणि महसुलाचे नकाशे असतात. त्यांच्याशी गावचा कागद जुळवायचा, तर तो संगणकावर आणावा लागतो. त्यासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर सर्रास वापरलं जातं. कागद स्कॅन करायचा, त्यावरच्या ओळखीच्या खुणा, म्हणजे नाल्यांचा संगम, पूल, वनविभागाचा मुनारा, यांना अक्षांश-रेखांश द्यायचे आणि मग संगणकाला सांगायचं की हे चित्र जमिनीवर बसव. साध्या पद्धतीला किमान तीन खुणा लागतात. तीनपेक्षा जास्त दिल्या की प्रत्येक खूण खऱ्या जागेपासून किती चुकली, हे यादीत दिसतं. हाताने काढलेल्या नकाशात हा आकडा शेकडो मीटरवर जाऊ शकतो.

इथे मोह होतो तो थिन प्लेट स्प्लाइन या पद्धतीचा. ती चित्र रबरासारखं ताणून प्रत्येक खूण नेमकी जागेवर नेते. यादीतली चूक शून्य होते. पण दोन खुणांच्या मधलं जंगल कसं ओढलं गेलं, हे ती यादी सांगत नाही. म्हणून हातचा नकाशा ताणून हद्द काढण्याऐवजी, कुठली ठिकाणं महत्त्वाची याची यादी म्हणून तो वापरावा आणि हद्द पायी फिरून जीपीएसने टिपावी, हेच बरं. सागाची पानं गळालेली असतात त्या दिवसांत उपग्रहांचे संकेत चांगले मिळतात. दाट छताखाली नोंद भरकटते.

रेघेची जाडीही महागात पडते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद होते. वीस किलोमीटरच्या हद्दीवर तिच्याखाली ५० हेक्टर झाकले जातात. शिवाय जुने नकाशे एव्हरेस्ट या पृथ्वी-प्रतिमानावर बेतलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. हा फरक न सांगता दोन्ही एकमेकांवर ठेवले, तर हद्द शंभर मीटरहून जास्त सरकू शकते.

संगणकाचा खरा उपयोग दिसतो तो शेजारच्या दोन गावांच्या हद्दी एकाच पडद्यावर ठेवल्यावर. कागदावर न जाणवलेला दुहेरी पट्टा तिथे लगेच उघडा पडतो. पण तो कुणाचा, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. नियमांनुसार दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसून आपलं म्हणणं आपापल्या ग्रामसभांपुढे मांडायचं असतं. २०१२ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच म्हटलं आहे की उपग्रह-चित्रं आणि तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक ठरतील, त्यांची जागा घेणार नाहीत. म्हणजे अचूकता यंत्राकडून येते, अधिकार मात्र बैठकीतून.

हक्क मिळाला की नकाशाचं काम संपत नाही, उलट वाढतं. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत मेंढ्याच्या ग्रामसभेकडे बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक आलं. मग यंदा कुठला बांबू तोडायचा, कुठला राखायचा, हे गावाला ठरवावं लागतं. पाचगावने तेंदूपत्ता न तोडायचं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि जंगलाला आगी लागतात. असे निर्णय नकाशावर उतरले की पुढच्या वर्षी तपासता येतात. पण नकाशाची फाइल ती बनवून देणाऱ्या मदतनीस संस्थेच्याच संगणकात राहिली, तर प्रत्येक दुरुस्तीसाठी गावाला दुसऱ्याचं दार वाजवावं लागेल. दाव्याची प्रत जशी ग्रामसभेच्या कपाटात असते, तशीच ही फाइलही तिथेच हवी आणि ती उघडून बदलू शकणारी दोन-चार पोरं-पोरी गावातच तयार व्हायला हवीत.