ध्वनीच्या वेगातून उमटणारे चित्र

पोटाच्या सोनोग्राफीचा अनुभव बहुतेक ज्येष्ठांना असतो. शरीरात ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणे आणि त्यावरून चित्र उमटवणे, हे तिचे तत्त्व. अल्ट्रासाउंड टोमोग्राफी ही तिचीच पुढची पायरी असून स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी ती प्रामुख्याने विकसित झाली आहे.

या तपासणीत स्त्री पालथी झोपते व स्तन कोमट पाण्याच्या पात्रात राहतो. भोवतालच्या कड्यातील संवेदक आळीपाळीने ध्वनी सोडतात आणि आरपार गेलेला ध्वनीही टिपतात. क्ष-किरण नाहीत, मॅमोग्राफीतला दाबही नाही. पाण्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. चरबीतून थोडा सावकाश, तर कर्करोगाच्या गाठीतून बहुधा अधिक वेगाने. या वेगांचा नकाशा मांडला की गाठ उठून दिसते. स्तनातील ऊती दाट असतील, तर मॅमोग्राफीत ऊती आणि गाठ दोन्ही पांढऱ्याच दिसतात. अशा स्त्रियांसाठी, मॅमोग्राफीच्या जोडीने वापरण्यास, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये एका यंत्राला मान्यता दिली.

अडचण आहे ती गणिताची. शरीरात ध्वनी वळतो, विखुरतो. त्यामुळे अचूक चित्रासाठी संगणकाला अंदाज, पडताळणी आणि दुरुस्ती हे चक्र पुनःपुन्हा फिरवावे लागते. भूगर्भाचा वेध घेण्यासाठी विकसित झालेली ही पद्धत काटेकोर, पण वेळखाऊ आहे. येथे ‘डीप लर्निंग’ साहाय्यास येते. ध्वनीच्या नोंदी आणि त्यांचे योग्य चित्र अशा असंख्य जोड्यांवरून शिकलेला संगणक नव्या नोंदींचे चित्र अल्पावधीत रचतो आणि त्यातील धूसरपणाही कमी करतो.

मात्र जे पाहिले, त्याच्याच साच्यात नवे बसवण्याची या संगणकाची प्रवृत्ती असते. क्वचित आढळणारी लहान गाठ पुसली जाणे किंवा नसलेली खूण उमटणे, हा त्यातील धोका. आणि चित्र सुबक असल्याने तो ध्यानात येत नाही. म्हणूनच रचलेले चित्र मूळ नोंदींशी जुळते का, हे भौतिकशास्त्राच्या नियमांनी ताडून पाहण्यावर संशोधकांचा भर आहे.

कुटुंबीयांनी एक गोष्ट मनात ठेवावी. वयाबरोबर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तरीही घरातील आई-आजी संकोचाने बोलत नाहीत. गाठ, त्वचेला पडलेली खळी किंवा स्तनाग्रातून रक्तस्राव दिसल्यास नव्या यंत्राची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. चित्र कितीही स्पष्ट असले, तरी कर्करोगाचे अंतिम निदान बायोप्सीनेच होते.