सरपंचाची शिटी

बारामती अथवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या गावी कबड्डीचे सामने भरले, म्हणजे मैदानाभोवती माणसांची भिंत उभी राहते. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषेकडे झेप घेतो, चौघे त्याच्यावर तुटून पडतात, धूळ उडते आणि क्षणार्धात सारे संपते. त्याचा हात रेषेला लागला की नाही? निम्मे प्रेक्षक ‘लागला’ म्हणून ओरडतात, निम्मे ‘नाही’ म्हणून. अशा वेळी ज्याला डोके शांत ठेवावे लागते, तो पंच होय.

कबड्डीत मैदानाच्या दोन बाजूंना दोन पंच असतात आणि त्यांच्यावर एक सरपंच असतो. (हा सरपंच ग्रामपंचायतीतला नव्हे, हे सांगावयास नको.) दोन पंच नेमण्याचे कारण साधे आहे. झटापटीत पाच-सहा खेळाडू एकमेकांत गुंतले, म्हणजे एका बाजूने दिसते ते दुसऱ्या बाजूने दिसत नाही. एकाच्या दृष्टीआड झालेला स्पर्श दुसऱ्याने टिपलेला असू शकतो. म्हणून शंका आली की सरपंच खेळ थांबवून दोघांना जवळ बोलावतो व प्रत्येकाने काय पाहिले ते विचारतो. एरवी पंचाचा निर्णय अंतिम मानतात. परंतु विशेष प्रसंगी खेळाच्या हितासाठी सरपंच स्वतः निर्णय देऊ शकतो. मोठ्या स्पर्धांत आता चित्रफीतही पाहतात. गावच्या मातीवर मात्र अजून डोळ्यांवरच भिस्त!

ही झाली दृष्टीची चूक. वाद नियमाच्या अर्थाचा असेल, तर दहा डोळेही अपुरे पडतात. 7 ऑक्टोबर 2023 रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धांचा अंतिम सामना भारत व इराण यांच्यात चालला होता. गुण 28-28 असे समान होते. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईस गेला आणि कोणासही स्पर्श न करता बाजूच्या राखीव क्षेत्रात उतरला. त्याच्या पाठोपाठ इराणचे चार खेळाडूही तेथे शिरले. हे सर्वांना स्पष्ट दिसले होते. प्रश्न होता तो बाद कोण, हा. जुन्या नियमाप्रमाणे मागे गेलेले चौघेही बाद. प्रो कबड्डी लीगमध्ये रूढ झालेल्या नव्या नियमाप्रमाणे एकटा चढाई करणारा बाद. निर्णय एकदा नव्हे, अनेकदा फिरला. दोन्ही संघांचे खेळाडू मॅटवर बसून राहिले आणि सामना जवळजवळ तासभर थांबला. अखेर जुना नियम ग्राह्य धरण्यात आला व भारताने 33-29 असा विजय मिळवला.

त्या दिवशी दोष कोणाच्या नजरेचा नव्हता, असे मला वाटते. नियम कोणता धरावयाचा, याविषयीच एकमत नव्हते. म्हणूनच जाणता सरपंच नाणेफेकीला दोन्ही संघनायक पुढे आले की तेथेच त्यांना राखीव क्षेत्राचा नियम ऐकवतो, आणि मगच नाणे उडवतो.