चूक फक्त एकाच बाजूला

सूर्य हा वायूचा गोळा. त्याला ना जमीन, ना कवच. तरीही योग्य गाळणी लावून दुर्बिणीतून पाहिलं, तर त्याची कड रेखीव दिसते आणि त्याच्या पोटातलं काहीही दिसत नाही. आपल्याला दिसतो तो जेमतेम काही शे किलोमीटर जाडीचा थर, दीप्तिगोल. तिथला वायू आपल्या हवेपेक्षाही कितीतरी विरळ आहे. मग तो प्रकाश अडवतो कसा? तिथल्या सुमारे ५८०० केल्व्हिन तापमानाला बहुतेक हायड्रोजन अणू साध्या स्थितीत असतात, आणि असा अणू दृश्य प्रकाश जवळजवळ शोषतच नाही.

उत्तर सुचवलं रुपर्ट विल्ट यांनी, १९३९ साली. सोडियम, मॅग्नेशियम, लोह यांसारख्या मूलद्रव्यांपासून सुटलेला एखादा इलेक्ट्रॉन हायड्रोजन अणूला चिकटतो आणि ऋण हायड्रोजन आयन तयार होतो. सूर्याच्या पृष्ठभागी दहा कोटी हायड्रोजन अणूंमागे साधारण एकच असा आयन असतो, पण प्रकाश शोषायला तो एक पुरतो.

मात्र त्याआधीचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. असा आयन टिकतो कशावरून? हायड्रोजनच्या केंद्रात एकच प्रोटॉन आणि त्याचा विद्युतभार एका इलेक्ट्रॉनने आधीच फेडलेला. दुसऱ्याने तिथे का थांबावं? पुंजयांत्रिकीतलं श्रोडिंगरचं समीकरण एका इलेक्ट्रॉनसाठी नेमकं सुटतं आणि हायड्रोजनची किमान ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. दोन इलेक्ट्रॉन आले की ते एकमेकांना ढकलू लागतात, आणि त्या समीकरणाचं नेमकं उत्तर कुणालाच काढता आलेलं नाही. मग उरतो अंदाज.

अंदाज म्हटलं की तो खरा मानायचा कसा, ही धास्ती आली. इथेच व्हेरिएशनल तत्त्व कामी येतं. तुम्ही मनाने रचलेलं कुठलंही तरंगफल, म्हणजे इलेक्ट्रॉनांची अवस्था सांगणारं गणिती फल, हे प्रत्यक्षात त्या प्रणालीच्या खऱ्या अवस्थांचं मिश्रण असतं. त्यावरून काढलेली ऊर्जा ही त्या अवस्थांच्या ऊर्जांची सरासरी. वर्गाच्या गुणांची सरासरी सर्वांत कमी गुणांपेक्षा कधीच खाली जात नाही, तसंच हे. अंदाज कितीही चुकला तरी उत्तर खऱ्या किमान ऊर्जेच्या वरच राहतं. शिवाय तरंगफल जवळपास बरोबर असेल तर ऊर्जेतली चूक तरंगफलातल्या चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तरंगफल ओबडधोबड असलं तरी ऊर्जा बऱ्यापैकी नेमकी निघते.

पाठ्यपुस्तकातलं उदाहरण हेलियमचं. केंद्राचा भार दोन, पण प्रत्येक इलेक्ट्रॉन दुसऱ्यासमोर थोडा आडोसा धरतो. म्हणून भार दोन न मानता तो बदलता ठेवायचा आणि ऊर्जा सर्वांत खाली नेणारी किंमत शोधायची. ती येते २७/१६, म्हणजे सुमारे १.६९. ऊर्जा येते उणे ७७.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि प्रयोगातली आहे उणे ७९.०. एकच आकडा बदलता ठेवला आणि दोन टक्क्यांच्या आत आलो!

हीच युक्ती ऋण हायड्रोजन आयनाला लावली की भार येतो ११/१६ आणि ऊर्जा उणे १२.८६. हे उत्तर उणे १३.६ च्या वर आहे. म्हणजे एक इलेक्ट्रॉन सोडून देणंच स्वस्त, आयन टिकत नाही? तसं म्हणता येत नाही. खरी ऊर्जा याहून खाली आहे एवढंच आपल्याला कळलं; किती खाली, ते नाही. वर राहिलेल्या अंदाजातून नकार सिद्ध होत नाही. पण एकदा का एखादा अंदाज उणे १३.६ च्या खाली उतरला, की खरी ऊर्जा त्याहून वर असूच शकत नाही आणि आयनाचं अस्तित्व पक्कं होतं. चूक कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक असल्यामुळे साध्या अंदाजाला पुराव्याचं बळ येतं. या तत्त्वाची खरी थोरवी मला इथे दिसते.

हा पुरावा पहिल्यांदा दिला हान्स बेथे यांनी, १९२९ साली. नॉर्वेच्या एगिल हिलेरास यांनी हेलियमसाठी दोन इलेक्ट्रॉनांमधलं अंतरच तरंगफलात घातलं होतं. बेथे यांनी तीच वाट धरली. पण सर्वांत देखणा हिशेब सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचा, १९४४ सालचा. दोन्ही इलेक्ट्रॉनांना सारखंच का वागवायचं, असा त्यांचा रोख. त्यांनी दोघांना वेगवेगळे भार दिले आणि कुठला इलेक्ट्रॉन कोणता हे सांगता येत नसल्यामुळे दोघांची अदलाबदल करून बेरीज घेतली. उत्तम किमती आल्या १.०४ आणि ०.२८. एक इलेक्ट्रॉन केंद्राजवळ, दुसरा त्याच्या साडेतीनपटीहून अधिक दूर, सैलसर. ऊर्जा उणे १३.९७. उंबरठा ओलांडला गेला, तोही इतक्या साध्या तरंगफलाने. आज ठाऊक असलेली किंमत उणे १४.३६ च्या आसपास आहे. बाहेरचा इलेक्ट्रॉन फक्त ०.७५ इलेक्ट्रॉन व्होल्टने बांधलेला आहे. म्हणूनच दृश्य प्रकाशाचा कुठलाही कण त्याला सोडवू शकतो आणि सोडवताना स्वतः शोषला जातो.

एक मर्यादा मात्र चंद्रशेखर यांनीच लगेच दाखवून दिली. ऊर्जा चांगली आली म्हणजे तरंगफल सगळीकडे चांगलं असं नव्हे. ऊर्जा ठरते मुख्यतः केंद्राजवळच्या भागावर, आणि प्रकाश किती शोषला जाईल हे काढण्याच्या नेहमीच्या सूत्रात वजन मिळतं दूरच्या भागाला, जिथे अंदाज कच्चा असतो. म्हणून १९४५ साली त्यांनी इलेक्ट्रॉनाच्या स्थानाऐवजी वेगावर आधारलेलं सूत्र वापरावं असा आग्रह धरला.

पुंजयांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एक विनंती. पुस्तकातल्या हेलियमच्या गणितात दोनऐवजी एक भार घाला आणि उणे १२.८६ येतं का पाहा. मग दोन इलेक्ट्रॉनांना दोन वेगळे भार द्या, अदलाबदलीची बेरीज विसरू नका, आणि उणे १३.६ च्या खाली स्वतःच्या हाताने उतरा.